आमच्या बाई आणि स्नायूचं एन्झाइम

हिंगोलीच्या त्या लॅबमध्ये मी कामाला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. नवखेपणा पेशंटला दिसू नये म्हणून रक्त काढताना मी कोपर टेबलाला टेकवून ठेवायची. आमचं गाव जवळा बाजारपासून चार-पाच किलोमीटर आत. वडील कापूस लावायचे, सोयाबीन नुकतंच आलं होतं. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली गावातली मी पहिलीच मुलगी. वडिलांना कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी रगत तपासते." पुढं काय तपासते ते त्यांना सांगता यायचं नाही, पण आवाज मात्र चढलेला असायचा.

लॅब तीन खोल्यांची. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर नांदेडला राहायचे आणि मंगळवार-शुक्रवार यायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. उरलेले दिवस लॅब चालायची ती बाईंच्या जिवावर. बाई म्हणजे आमच्या सीनियर टेक्निशियन. पन्नाशीच्या, मूळच्या हट्ट्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. सुती साडीवर पांढरा कोट, चष्म्याला काळी दोरी. बोलणं कमी. कामात असल्या की हाका मारूनसुद्धा त्यांना ऐकू जायचं नाही, आणि काम संपलं की स्वतःच विचारायच्या, "मगाशी कोण हाक मारून राहिलं होतं?"

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. सरांनी एलायझा रीडर नावाचं एक यंत्र घेतलं होतं. मुख्यतः थायरॉइडच्या तपासणीसाठी. मग वितरकाकडून एक नवीन किट आलं, सीके-एमबीचं. नांदेडहून एसटीच्या पार्सलमधून थर्माकोलचा डबा यायचा, आत बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध ते किट. बाई स्वतः स्टँडवर जाऊन डबा घेऊन यायच्या. कुणाला पाठवायच्या नाहीत. आल्या आल्या डबा उघडून पहिल्यांदा बर्फाच्या पिशवीवर हात ठेवायच्या, आणि ती अजून गार असली की मगच पावतीवर सही.

ते किट कशाचं, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आपल्या स्नायूंत एक एन्झाइम असतं. स्नायूला इजा झाली की ते झिरपून रक्तात उतरतं. डॉक्टर लोक सीपीके म्हणून लिहितात ते हेच. पण अंगभर स्नायू आहेत. पायाचे, पाठीचे, आणि काळीजसुद्धा स्नायूच. साध्या तपासणीत एवढंच कळतं की कुठला तरी स्नायू दुखावलाय. ह्या नव्या किटमध्ये मात्र काळजात जास्त असणारा प्रकार तेवढा वेगळा धरता यायचा. प्लास्टिकच्या पट्टीला आठ इवल्या वाट्या, प्रत्येकीच्या बुडाला तो प्रकार ओळखून धरून ठेवणारं प्रतिपिंड लावलेलं. वाटीत रक्ताचं पाणी, म्हणजे सिरम, घालायचं, थांबायचं, धुवायचं, दुसरं द्रावण घालायचं, पुन्हा धुवायचं, मग रंगाचं. धरलेलं जितकं जास्त तितका रंग गडद. आधी निळा, आणि शेवटी आम्ल घातलं की पिवळा. तो पिवळेपणा यंत्र मोजायचं.

खरं सांगायचं तर ते किट आमच्याकडं फारसं वापरलंच जायचं नाही. त्याला तीन तास लागायचे, आणि छातीत कळ आलेला माणूस तीन तास थांबत नाही. त्याला गाडीत घालून नांदेडला पळवत. त्यामुळं पट्ट्या फ्रिजमध्ये पडून राहायच्या आणि बाई दर सोमवारी मुदतीची तारीख बघून उसासा टाकायच्या.

एप्रिलातल्या एका बुधवारी सकाळी एक जोडपं आलं. मेंढपाळ होते. त्यांचा कळप वारंगा फाट्याच्या अलीकडं एका शेतात बसलेला होता. कापूस निघालेल्या रानात मेंढरं बसवली की शेताला खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेत. दोघं पहाटेच्या एसटीनं आलेले. नवरा उंच, डोक्याला पटका. बायको पस्तिशीची असेल, पण पायरी चढताना तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि मग एकेक पाय वर घेतला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तिनं अंगावर घोंगडी घट्ट लपेटून घेतलेली.

नवऱ्यानं घडी घातलेला कागद दिला. एका डॉक्टरनं सीपीके आधी कुठंतरी करून घेतलेली, ती खूप वाढलेली होती. नाडी सावकाश, ईसीजी थोडा वेगळा. खाली लिहिलेलं, हृदयाचा आजार वाटतो, मोठ्या शहरात दाखवा, त्याआधी तपासणी पुन्हा करा.

"काळीज खराब झालंय म्हनले," नवरा म्हणाला. "हैदराबादला न्या म्हनले. मेंढरं टाकून कसं जावं, अन् न्हाई गेलं तर हिचं काय? काईच सुचंना झालंय."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. रक्त काढायच्या आधी त्या कधी घाई करायच्या नाहीत. दंड बांधता बांधता विचारपूस चालू.

"काय होतंय तुला?"

ती सावकाश बोलली. आवाज घोगरा, शब्द जड. "बसलं की उठता येत न्हाई बाई. पिंडऱ्या धरतात. पहिलं मी कळपामागं दिवसभर चालायची. आता धा पावलं चाललं की थांबावं लागतंय."

"छातीत दुखतं?"

"न्हाई."

"थंडी वाजते का? एवढ्या उन्हाचं घोंगडी काहून पांघरलीस?"

"वाजती. समदे हासतात."

"इंजेक्शन कधी घेतलं?"

मला वाटलं, हे काहून विचारतायत. पण ती म्हणाली, "मागल्या आठवड्यात दोन घेतले. कमरंत." बाईंनी ते कागदावर टिपून ठेवलं. नंतर मला म्हणाल्या, "इंजेक्शननं सुद्धा स्नायू दुखावतो. सीपीके थोडी वाढते. विचारल्याशिवाय रक्ताला हात लावायचा न्हाई."

आम्ही साधी सीपीके केली. आकडा इतका वर गेला की बाईंनी सिरम पातळ करून पुन्हा केली. खरंच वाढलेली होती, इंजेक्शननं वाढेल त्याच्या कितीतरी वर. मी म्हणाले, "मग डॉक्टरांचं बराबर आहे." बाहेरच्या बाकावर ती मेंढपाळीण भिंतीला टेकून बसली होती. बाई दारात उभ्या राहून तिच्याकडं बराच वेळ बघत होत्या. फुगलेला चेहरा, डोळ्यांखालची सूज, कोरडी पडलेली कातडी. मग आत येऊन त्यांनी नांदेडला फोन लावला.

"सर, माझं काम तपासायचं आहे, निदान करायचं न्हाई, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण हिचा आवाज तुम्ही ऐकायला पाहिजे. उन्हात घोंगडी घेऊन बसलीय. थायरॉइड कमी असलं तरी स्नायू असेच कुरकुरतात ना? मी सीके-एमबी आणि थायरॉइडचं टीएसएच दोन्ही लावू का?"

सर पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. "लाव म्हनले. तिच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलतायत."

नवऱ्याला त्यांनी समजावून सांगितलं की तीन-साडेतीन तास लागतील. तो म्हणाला, "एकाच रगतात काळजाचं कोन्तं अन् अंगाचं कोन्तं, तुमाला कसं वळखू येतं?"

"तुमचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घुसलं तर?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय, कानाला काप असतो. आमी लगेच वळखतो."

"तसंच. आमच्या वाटीला काळजाची खूण तेवढी ओळखता येते. बाकीचं पाण्याबरोबर वाहून जातं."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

पट्ट्या लावायचं काम बाईंनी मला दिलं. त्या सूक्ष्मदर्शकात काचेवरचं रक्त बघत बसल्या. मी सगळं नीट केलं, फक्त धुणं सोडून. पाच वेळा धुवायचं असतं, दर वेळी पट्टी उलटी करून टिपकागदावर आपटायची, थेंब राहता कामा नये. बाहेर ते दोघं ताटकळलेत हे मनात होतं. मी तीन वेळा धुतलं आणि तेही हलकं. शेवटचं आम्ल घातलं आणि सीके-एमबीच्या पट्टीवर तिच्या वाटीत पिवळा रंग उतरला. म्हणजे काळीजच.

"बाई, काळजाचंच निघालं," मी म्हणाले.

बाई उठून आल्या. पट्टी उजेडात धरली. यंत्रात घालून आकडे काढले. मग पहिल्या वाटीवर बोट ठेवलं. "ही कशाची?"

"शून्याची." त्या वाटीत मुद्दाम काहीच नसतं, नुसतं द्रावण.

"हिच्यात माणसाचं रक्तच न्हाई. मग ही पिवळी काहून झाली?"

मी धुण्याच्या बाटलीकडं बघितलं.

"किती वेळा धुतलं?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तू धुतलं न्हाई ते हिच्या काळजाच्या नावावर लिहून दिलं असतंस."

मी तरीही एकदा म्हणून पाहिलं, की शून्याचा आकडा वजा करून अंदाजानं लिहिता येईल, ती लांबून आलीय, गाडी जाईल. बाईंनी दोन्ही पट्ट्या, सीके-एमबीची आणि थायरॉइडची, माझ्यासमोर डब्यात टाकल्या आणि बाहेर गेल्या. मी दाराआडून ऐकत होते.

"आज आमच्या हातून चूक झाली," त्या दोघांना म्हणाल्या. "तपासणी बराबर झाली न्हाई. तुमी आता गाडी धरा. रक्त आमच्याकडं ठेवलेलं आहे, उद्या पुन्हा करतो. तुमी परत यायचं न्हाई. कागद मी आणून देईन."

"तुमी? फाट्यावर?"

"व्हय. चूक आमची, तकलीफ तुमाला कशाला?"

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "आमच्या हातून" एवढंच. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मलाच पुन्हा करायला लावलं. मला वाटलं होतं त्या स्वतः करतील. त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि धुताना मोठ्यानं मोजत राहिल्या, एक, दोन, तीन, चार, पाच. भारनियमनाचं वेळापत्रक बघून आम्ही वेळ जुळवली होती. रीडरला वीज लागायची आणि आम्ल घातल्यावर पंधरा मिनिटांत वाचून घ्यावं लागायचं. मी आम्ल घातलं. शेवटच्या वाटीवरून हात काढला आणि पंखा बंद पडला. वीज वेळेच्या आधीच गेली होती.

मी बाईंकडं बघितलं. बाईंनी रीडरची वायर उपटली. "एका बाजूनं धर."

शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याच्याकडं जनरेटर होतं. ते यंत्र चांगलंच जड. आम्ही दोघी ते धरून रस्त्यावरून निघालो, पट्ट्यांची चौकट बाईंनी झाकण लावून यंत्रावर ठेवलेली आणि हनुवटीनं दाबलेली. दुकानदार खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"बाई, याची झेरॉक्स न्हाई निघायची."

"जागा कर आधी," बाई म्हणाल्या.

त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले, जनरेटर जरा स्थिर होऊ दिलं आणि आम्ही यंत्र लावलं. ते गरम व्हायला चार-पाच मिनिटं गेली. बाई घड्याळाकडं बघत होत्या, मी पट्टीकडं. शून्याची वाटी पाण्यासारखी स्वच्छ होती. सीके-एमबीच्या पट्टीत त्या मेंढपाळणीच्या वाटीला पिवळेपणाची नुसती झाक होती. एकूण सीपीकेच्या मानानं काहीच नाही. आणि थायरॉइडच्या पट्टीत तिची वाटी हळदीसारखी पिवळी झालेली, किटमधल्या सगळ्यात वरच्या पातळीच्याही पुढं. थायरॉइडचा रस जितका कमी, तितकं हे टीएसएच जास्त. कंट्रोल, म्हणजे किटबरोबर येणारा ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना, दोन्हीकडं बरोबर बसला.

बाईंनी आकडे वहीत उतरवले. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडून रेषा काढली. दुकानदार मागून डोकावत होता. "चांगलं निघालं का बाई?"

"खरं निघालं," बाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आणि चांगलंही."

शुक्रवारी सर आले. त्यांनी वही पाहिली, आलेख पाहिला, फेकून दिलेल्या पट्ट्यांची नोंदसुद्धा पाहिली. बाईंनी तीही लिहून ठेवली होती, कारणासकट. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. बाईंना म्हणाले, "तुम्ही पेशंटकडं बघितलं. मी नुसता आकडा बघितला असता तर हृदयच म्हटलं असतं." रिपोर्टवर सही केली, तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि नांदेडच्या एका फिजिशियनच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

दुपारी दीडच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. फाट्याच्या अलीकडं उतरलो आणि चहाच्या टपरीवर विचारलं. तिथून अर्धा कोस चालत. बाई त्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन माझ्यापुढं चालत होत्या, रिपोर्टचं पाकीट पर्समध्ये, पर्स काखेत.

लिंबाच्या सावलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. ती घोंगडीवर पडली होती. एक म्हातारी चुलीपाशी भांडी घासत होती, ती तिची सासू. आम्हाला बघून नवरा रानातून धावत आला.

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "तुझं काळीज दुखावलेलं न्हाई. गळ्यात एक गाठीसारखा भाग असतो, त्याचा रस कमी पडलाय. म्हणून अंग सुजलंय, थंडी वाजते, आवाज बसलाय आणि पायातला जोर गेलाय. नांदेडच्या डॉक्टरला ही चिठ्ठी दाखवा. ते तपासतील, बहुतेक गोळी सुरू करतील. रोज सकाळी घ्यावी लागते, पण फरक पडतो."

तिला वाक्य पोचायलाच वेळ लागायचा. मग ती कोपरावर टेकून अर्धी उठली आणि चुलीकडं तोंड करून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आयकलं का? मी आळशी न्हाई."

सासूचा हात भांड्यावर थांबला. नवरा मान खाली घालून उभा राहिला. त्या घरात वर्षभर काय बोललं गेलं असेल ते मला त्या एका वाक्यात कळलं. म्हातारी उठली, हात धुतले, आम्हाला गडव्यातून पाणी दिलं. मग दुसरा गडवा भरून सुनेजवळ गेली आणि तिच्या पाठीला हात लावून तिला सरळ बसवलं.

परतीच्या गाडीत मी बाईंना विचारलं, "तुम्ही त्यांना माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"कशाचं?"

"धुतलं नव्हतं त्याचं."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "किट लॅबचं, पट्टी लॅबची, चूकही लॅबचीच. तू आता पाच वेळा धुतेस ना? बास." आणि पाचच मिनिटांत त्या मान कलती करून झोपल्यासुद्धा. इतक्या थकल्या होत्या हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी एक बाई पायऱ्या चढून आली आणि काउंटरवर कागद ठेवला. "सीपीके अन् थायराइट," ती म्हणाली. मी नाव लिहून घेतलं आणि तरीही ओळखलं नाही. चेहऱ्याची सूज उतरलेली, गालाची हाडं दिसायला लागलेली, आवाज खणखणीत.

"बाई कुठं हायत?" तिनं विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आत ओरडले. बाई काम टाकून बाहेर आल्या. तसं त्या कधी करत नसत. ती त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवी बसली आणि हात कुठंही न टेकता सरळ उठून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. बाकावरचे पेशंट बघत राहिले.

"बास बास," बाई हसत म्हणाल्या. "मला रक्तात बघू दे."

रक्तातही तसंच निघालं. सीपीके सरळ खाली आलेली. मी ती दोनदा केली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती दर सहा महिन्यांनी यायची, आणि एकटी यायची नाही. तळावरच्या बायकांना घेऊन यायची. कुणाचे पाय दुखतात, कुणाला थकवा. बाई प्रत्येकीशी बोलायच्या आणि ज्यांना गरज नाही त्यांना तपासणी न करता परत पाठवायच्या. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. पुढं लॅबमध्ये मोठं मशीन आलं, नळी ठेवली की आकडा देणारं. बाईंनी ते दोन आठवड्यांत शिकून घेतलं, इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचून. मला मात्र त्यांनी वर्षभर आणखी हातानं पट्ट्या धुवायला लावल्या.

आज वसमतला माझी स्वतःची छोटी लॅब आहे. लोक विचारतात, कुठं शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगते, कारण कागदावर तेच आहे.

मी हिंगोलीत असतानाच, पुढच्या वर्षीच्या एका खेपेला ती मेंढपाळीण सासूलाच घेऊन आली होती. म्हातारीला थकवा होता, तोंड पांढरं पडलेलं. खुर्चीत बसताना ती बाईंना म्हणाली, "हळू टोच गं माय," आणि सून तिचा खांदा धरून उभी राहिली. म्हातारीच्या अंगात नुसतं रक्त कमी होतं, बाकी काही नाही. रिपोर्ट घेऊन दोघी निघाल्या. मी आणि बाई दारात उभ्या होतो. सून पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेनं झपाझप चालली होती, मागून म्हातारीचा आवाज रस्त्यावर सगळ्यांना ऐकू येत होता, "अगं ए, दमानं चाल की! कुठं पळून राहिलीस एवढी?"